सहा वर्षे की सहा महिने : ग्रंथ आणि त्यांचे संक्षेप

प्रतिष्ठान नगरीच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाची एक कथा संस्कृत वाङ्मयात प्रसिद्ध आहे. वसंतऋतूत राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता अंगावर उडणाऱ्या पाण्याने त्रासलेल्या एका राणीने, आता पाणी उडवू नका, अशी त्याला विनंती केली. राणी संस्कृतज्ञ होती. तिच्या वाक्यात 'मा' आणि 'उदक' या दोन शब्दांचा संधी झाला होता. राजाला तो उलगडला नाही. त्याला त्यात 'मोदक' तेवढे ऐकू आले आणि त्याने सेवकांकरवी तत्काळ मोदक आणविले. राणी हसली, परिवारही हसला. राजा इतका खजील झाला की, त्याने अन्नपाणी आणि बोलणे टाकून अंथरूण धरले.

त्याच्या दरबारी गुणाढ्य आणि शर्ववर्मा असे दोन मंत्री होते. गुणाढ्य म्हणाला, व्याकरण शिकायला लोकांना बारा वर्षे लागतात. मी महाराजांना ते सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, सहा वर्षे कशाला? सहा महिने पुरेत. गुणाढ्याला हे अशक्य वाटले. शर्ववर्म्याने हे करून दाखविल्यास संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा आपण कायमचा त्याग करू, अशी प्रतिज्ञा त्याने केली. शर्ववर्म्याने कार्तिकेयाची आराधना करून 'कातंत्र' नावाचे सुटसुटीत व्याकरण मिळविले आणि राजा खरोखरच सहा महिन्यांत विद्वान झाला. गुणाढ्य मुका होऊन विंध्यारण्यात निघून गेला. तेथे त्याने पिशाचांची भाषा ऐकून आत्मसात केली, आणि उरलेल्या या एकाच भाषेत, शाई नसल्यामुळे स्वतःच्या रक्ताने, सात वर्षांत सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. शिष्यांनी तो ग्रंथ राजाकडे नेला. नव्याने विद्वान झालेल्या राजाने भाषा पैशाची आणि अक्षरे रक्ताची, एवढे पाहूनच तो परत पाठविला. मग गुणाढ्याने एका टेकडीवर अग्निकुंड पेटविले, आणि एकेक पान रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत तो ते पान जाळीत गेला. हरणे, डुकरे, रेडे चारापाणी विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहिले. त्यांचे मांस वाळले, ते खाऊन राजा आजारी पडला, चौकशी झाली, आणि राजा धावत येईपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष तेवढे वाचले.

या आख्यायिकेत संक्षेपाच्या दोन्ही बाजू आल्या आहेत, आणि त्यांतील एकीवर अन्याय होऊ नये. शर्ववर्म्याचे कातंत्र हे काही फसवे पुस्तक नव्हते. पाणिनीची अष्टाध्यायी सर्वांना झेपणारी नाही, हे ओळखून रचलेले ते एक उत्तम शालेय व्याकरण होते. काश्मीर आणि बंगाल या दोन्ही टोकांना ते शतकानुशतके शिकविले गेले, आणि बौद्ध भिक्षूंबरोबर मध्य आशियापर्यंत पोहोचले. सहा महिन्यांचा मार्ग लबाडीचा असतोच, असे नाही. प्रश्न पुढचा आहे. सहा महिन्यांत तयार झालेल्या वाचकापुढे सात लक्ष श्लोकांचा ग्रंथ आला, तेव्हा त्याने काय केले?

ही कथा ज्या ग्रंथातून आज कळते, तो सोमदेवाचा 'कथासरित्सागर' स्वतःच एक संक्षेप आहे, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात राहत नाही. गुणाढ्याची मूळ बृहत्कथा कोणीही पाहिलेली नाही. ती नष्ट झाली. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये तिचे दोन संस्कृत संक्षेप झाले : क्षेमेंद्राची 'बृहत्कथामंजरी', सुमारे साडेसात हजार श्लोकांची, आणि अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी सोमदेवाने १०६३ ते १०८१ च्या दरम्यान रचलेला कथासरित्सागर, एकवीस हजारांहून अधिक श्लोकांचा. सोमदेवाने आरंभीच ग्वाही दिली आहे की, मूळ ग्रंथ जसा होता तसाच हा आहे; कोठेही लेशमात्र फरक केलेला नाही; भाषा तेवढी निराळी आहे आणि विस्तार कमी केला आहे. आठशे वर्षे वाचकांनी या ग्वाहीवर विश्वास ठेवला. न ठेवण्याचे कारणही नव्हते. ताडून पाहण्यासाठी मूळच उपलब्ध नव्हते, आणि सोमदेवाची भाषा इतकी प्रसन्न की, शंका यावी कशाची?

१८९३ मध्ये महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांना नेपाळमध्ये बुधस्वामी नावाच्या कवीच्या 'बृहत्कथाश्लोकसंग्रह' या ग्रंथाचे हस्तलिखित मिळाले. फ्रेंच पंडित फेलिक्स लाकोत यांनी त्याचा अभ्यास करून १९०८ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला, आणि काश्मिरी संक्षेपांविषयीची समजूत बदलली. हाही संक्षेपच होता. पण निराळ्या हाताने केलेला. त्यात नरवाहनदत्त या नायकाची कथा सलग चालते. व्यापारी, कारागीर, गणिका, मल्ल, खलाशी यांनी गजबजलेले एक जग त्यात दिसते. कथासरित्सागरात हाच नायक उपकथांच्या गर्दीत कोठल्या कोठे हरवून जातो, आणि आपल्याच चरित्रात तो पाहुण्यासारखा वावरतो. ज्या वेताळपंचविशीमुळे आणि पंचतंत्राच्या गोष्टींमुळे कथासरित्सागर लोकप्रिय झाला, त्या बुधस्वामीच्या ग्रंथात नाहीतच. गुणाढ्याच्या ग्रंथातही त्या नसाव्यात, काश्मीरमध्येच त्यांची भर पडली असावी, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्या संक्षेपाने 'फक्त लहान केले, बदलले काही नाही' असे सांगितले, त्यात गाळलेले होते, आणि घातलेलेही होते. सोमदेवाने जाणूनबुजून खोटे लिहिले, असे म्हणण्याचे कारण नाही. त्याच्या हाती जी काश्मिरी बृहत्कथा आली, तीच त्याला गुणाढ्याची वाटली असावी. परंतु वाचकाच्या दृष्टीने परिणाम एकच. संक्षेप वाचताना काय गळले आहे हे दिसत नाही; कारण गळलेल्या जागी भोक उरत नाही. कापड पुन्हा सफाईने शिवलेले असते.

हे केवळ हिंदुस्थानात घडले, असे नाही. रोमन इतिहासकार लिव्ही याने आपल्या नगरीचा इतिहास १४२ खंडांत लिहिला. त्यांपैकी ३५ उरले आहेत. बाकीच्यांविषयी जे कळते ते प्रामुख्याने काही ओळींच्या सारांशांवरून. पाँपेयस ट्रोगस याचा ४४ खंडांचा इतिहास जस्टिन नावाच्या संक्षेपकाने उतरवून घेतला. संक्षेप टिकला, मूळ गेले. नकला करणाऱ्याला लहान ग्रंथ परवडतो आणि मोठा परवडत नाही, इतके साधे हे अर्थशास्त्र आहे. ज्याची नक्कल होत नाही तो ग्रंथ दोनतीन पिढ्यांत वाळवीच्या स्वाधीन होतो.

मराठीत या प्रश्नाचा सर्वांत जागरूकपणे विचार महानुभावांनी केला, असे म्हणावे लागते. चक्रधरस्वामींच्या निर्वाणोत्तर म्हाइंभट्टांनी स्वामींच्या सहवासातील माणसांना गाठून, नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन, लीळा जमविल्या. तेराव्या शतकाच्या अखेरच्या पादात सिद्ध झालेले हे 'लीळाचरित्र' मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ होय. पुढे केसोबासांनी त्यातून स्वामींची वचने तेवढी वेचून 'सूत्रपाठ' तयार केला. सूत्रे लहान, पाठ करण्यास सोयीची, आणि पंथाच्या आचारधर्माला तीच हवी होती. येथवरची हकीकत कोणत्याही संप्रदायात घडते तशीच आहे. पण नंतर एक वेगळी गोष्ट झाली. सूत्र पाठ आहे, परंतु ते स्वामींनी कोणाला, कोठे, कशावरून म्हटले हे ठाऊक नसेल तर अर्थाचा अनर्थ होतो, हे महानुभाव पंडितांच्या लक्षात आले. एका भित्र्या शिष्याला धीर देण्यासाठी उच्चारलेले वाक्य आणि एका अहंमन्य पंडिताला गप्प करण्यासाठी उच्चारलेले वाक्य, दोन्ही सूत्र म्हणून शेजारी शेजारी बसली की, सारख्याच वजनाची दिसू लागतात. म्हणून सूत्रामागचा प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' या प्रकारचे ग्रंथ निर्माण झाले. संक्षेपाने तोडलेला धागा पुन्हा जोडण्यासाठी एक शास्त्रच उभे राहिले.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, लीळाचरित्राच्या पोथ्यांतून निरनिराळ्या परंपरांतील पाठभेद 'वासना' म्हणून नोंदविलेले आढळतात. अमुक एका परंपरेत ही लीळा अशी सांगतात, दुसरीत तशी. पोथी लिहिणाऱ्याला सगळे गुळगुळीत करून एकच निवेदन देणे सोपे होते. त्याने तसे केले नाही. आपल्याला निश्चित माहीत नाही, हे कागदावर राहू देण्याची ही सवय सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसांना होती.

संक्षेपाची कसोटी जेथे खरी लागते, ती ठिकाणे मराठी वाङ्मयात जागोजाग आहेत. ज्ञानेश्वरीचेच पाहावे. गीतेच्या सातशे श्लोकांवर ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. मराठीतला हा आद्य महान काव्यग्रंथ मुळात विस्तार आहे. त्याचा प्रामाणिक सारांश काढीत गेले तर अखेरीस हाती काय यावे? सातशे श्लोक, आणि तेही ज्ञानदेवांच्या आधीच लिहिलेले! ज्या दृष्टांतांवर दृष्टांत रचीत ज्ञानदेव श्रोत्याला घेऊन जातात, ते सारांशकाराच्या लेखी सर्वप्रथम कापण्याजोगे. आणि ज्ञानेश्वरी म्हणजे तेच. याच ग्रंथात तीनशे वर्षांत पाठ बिघडले, अबद्ध ओव्या शिरल्या, तेव्हा एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती जमवून त्याची शुद्धी केली. सोप्या मराठीत संक्षिप्त ज्ञानेश्वरी करणे नाथांना अवघड नव्हते. त्यांनी तो मार्ग धरला नाही, आणि आपल्या वतीने त्यात ओवीची भर घालण्यासही मनाई केली.

मोरोपंतांचे उदाहरण तर जवळजवळ विनोदी आहे. पंतांनी (१७२९ ते १७९४) एकशे आठ रामायणे रचली अशी ख्याती आहे. त्यांपैकी बरीचशी उपलब्ध आहेत. मंत्ररामायण, दामरामायण, परंतुरामायण, निरोष्ठरामायण. या साऱ्यांची गोष्ट एकच : रामाचा जन्म, वनवास, सीताहरण, रावणवध. कथेचा सारांश मागितला तर प्रत्येक वेळी हेच उत्तर येणार. परंतु निरोष्ठरामायणात ओठांना ओठ लागेल असा एकही वर्ण न वापरण्याचा पण आहे. म्हणजे 'म' वर्ज्य; म्हणजे 'राम' हे नावच वर्ज्य! रामाचे नाव न घेता रामायण कसे सांगितले, हा त्या काव्याचा सारा विषय. तो सारांशात येत नाही. कारण गोष्टीच्या हिशेबात तो कोठेच बसत नाही. पंतांची ही खटपट कोणास शब्दांची कसरत वाटेल, आणि तसे वाटण्यास पुष्कळ आधारही आहे. पण कसरत आवडली नाही हे ठरविण्यासाठीसुद्धा ती पाहावी लागते.

गोमंतकाशी निगडित असलेले एक उदाहरण अधिक गंभीर आहे. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. त्यांतून शालेय पुस्तकांत, भाषणांत, मराठी भाषा दिनाच्या फलकांवर कायम वावरत असतो तो मराठीच्या स्तुतीचा छोटासा वेचा. त्यामुळे सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात स्टीफन्स यांची मूर्ती ठरून गेलेली आहे : मराठीवर लुब्ध झालेला एक परदेशी साधू. ही मूर्ती खोटी नाही, परंतु ती अकरा हजारांतून पाचसहा ओव्यांची आहे. उरलेले पुराण बायबलच्या जुन्या व नव्या करारांचे कथन आहे. ते साष्टीतल्या बाटविलेल्या समाजासाठी लिहिलेले आहे. ग्रंथाच्या आरंभीच श्रोत्यांची अशी मागणी येते की, पूर्वीची पुराणे आम्हांला वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्या. त्याच साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. ज्याने भाषेवर माया केली त्याने त्या भाषेतल्या जुन्या श्रद्धेची जागा घेण्यासाठीच ती वापरली. हा पेच मूळ ग्रंथ वाचणाऱ्यासमोर उभा राहतो. वेचा वाचणाऱ्याला तो कळतही नाही. त्याला फक्त अभिमान मिळतो. क्रिस्तपुराणाच्या जुन्या मुद्रित आवृत्त्यांची प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे सालढाणा यांनी रोमन लिपीत आवृत्ती काढली, आणि लंडनच्या मार्सडेन संग्रहात एक देवनागरी प्रत सापडली, म्हणून ग्रंथ हाती आहे. वेच्यालाच ग्रंथ मानून सगळे स्वस्थ बसले असते, तर तोही हाती नसता.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला तसे वेचे घरोघर गेले. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या 'नवनीत'ने (१८५४) प्राचीन कवींची ओळख मराठी विद्यार्थ्यांना करून दिली, आणि हे ऋण मोठे आहे. पण कित्येक पिढ्यांना वामनपंडित किंवा मुक्तेश्वर म्हणजे नवनीतात आहेत तेवढेच, असे वाटत राहिले, हेही खरे. विसाव्या शतकात परीक्षांसाठी गाइडे निघाली. कादंबरी नेमलेली असे, ती घेतली जात नसे; गाइड घेतले जाई. त्याविषयी ग्रंथपाल आणि प्राध्यापक यांनी इतके बोलून ठेवले आहे की, येथे अधिक काही सांगण्याची गरज नाही.

कोशवाङ्मयाची गोष्ट वेगळी. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश, १९९८ चा संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश, हे सगळे संक्षेपच होत. पण विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते. चूक आढळली तर ती कोणाची हे कळते. दुसरा अभ्यासक तिचे खंडन करू शकतो. शं. ग. दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची'चे जे काम केले (पहिला भाग १९४४, १८०० ते १९३७ पर्यंतच्या ग्रंथांचा, दुसरा १९६१, १९३८ ते १९५० पर्यंतचा), त्यात पुस्तके शक्य तेथे प्रत्यक्ष पाहून, पृष्ठसंख्या, आकार, प्रकाशक, वर्ष अशी नोंद करण्याचा कटाक्ष होता. ग्रंथसूचीतील नोंद म्हणजे पुस्तकाचा सर्वांत लहान सारांश. ती दोन ओळींची असते, आणि त्या दोन ओळींमागे कोणीतरी कपाटाशी उभे राहून पुस्तक हातात धरलेले असते.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकी कंपनीने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले, आणि तेव्हापासून संक्षेपाचा हा जुना व्यवसाय यंत्राकडे गेला. कोणत्याही कादंबरीचे नाव टंकित करावे. अर्ध्या मिनिटात कथानक, पात्रे, आशय, शैली, सारे स्वच्छ भाषेत हजर होते. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्यच आहे, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपल्या पाच सूत्रांत सांगून ठेवले होते. तेव्हा या सोयीकडे नाक मुरडून पाहण्याचे कारण नाही. विशेषतः महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी घरांतून ज्यांचे शिक्षण कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजीत झाले, त्यांना आजोबांच्या संग्रहातले पुस्तक कशाविषयी आहे एवढे कळले तरी ते उघडण्याचा धीर येतो. तेथे हे यंत्र कातंत्राचे काम करू शकते.

परंतु हे यंत्र काम कसे करते, ते समजून घ्यावयास हवे. अफाट मजकुरावर त्याला शिक्षण दिलेले असते, आणि एका शब्दखंडापुढे कोणता शब्दखंड येण्याचा संभव अधिक, या हिशेबाने ते वाक्य रचीत जाते. नुसते पुस्तकाचे नाव सांगितले, तर ते कपाटाकडे जात नाही. त्या नावाभोवती इतरांनी जे लिहिले त्याचा ठसा त्याच्यापाशी असतो, त्यावरून ते उत्तर घडविते. इतरांनी थोडेच लिहिले असेल, तरी वाक्य थांबत नाही. संभाव्य वाटेल असे काहीतरी पुढे येतेच. मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स' या वृत्तपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचण्याजोग्या पंधरा पुस्तकांची यादी आली. लेखक खरे होते, इझाबेल अलेंदे, अँडी वीअर यांसारखे नामवंत. प्रत्येक पुस्तकाचा परिचयही नेटका होता. त्या पंधरांपैकी दहा पुस्तके अस्तित्वातच नव्हती. यादी करणाऱ्याने ती यंत्राकडून घेतली होती आणि पडताळून पाहिली नव्हती. १८९३ पर्यंत सोमदेव ताडून पाहता येत नव्हता. ही यादी ग्रंथालयाला एक दूरध्वनी करून ताडता आली असती!

त्याआधी जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना व त्यांच्या संस्थेला पाच हजार डॉलरचा दंड केला होता. त्यांनी यंत्राकडून मिळालेले काल्पनिक निवाडे खरे म्हणून दाखल केले होते. त्यांतील एकाने यंत्रालाच विचारले होते, हा निवाडा खरा आहे ना? यंत्राने खरा असल्याचे सांगितले होते. सोमदेवाच्या ग्वाहीचीच ही आधुनिक आवृत्ती. फरक इतकाच की, सोमदेवापुढे निदान एक ग्रंथ होता.

मूळ मजकूर हाती दिला तर यंत्र बरे काम करते, यात शंका नाही. तरीही त्यात एक वळण दिसते. उवे पीटर्स आणि बेंजामिन चिन-यी या अभ्यासकांनी दहा भाषा-यंत्रांनी केलेले वैज्ञानिक लेखनाचे ४,९०० सारांश तपासून २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळ लेखकाने घातलेल्या मर्यादा गाळून व्यापक विधान करण्याचे प्रमाण यंत्राच्या सारांशांत माणसांच्या सारांशांपेक्षा जवळपास पाचपट आढळले. अचूक सारांश कर, असे बजावल्यावर हा दोष कमी न होता वाढला. विज्ञानाच्या शोधनिबंधाचे हे, की जेथे मर्यादा स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या असतात. ललित वाङ्मयात त्या शब्दांत लिहिलेल्याच नसतात. त्या निवेदकाच्या आवाजात असतात, सोडून दिलेल्या वाक्यात असतात. नेमाड्यांच्या 'कोसला'चे (१९६३) कथानक चार ओळींत सांगता येते : खेड्यातला एक मुलगा पुण्यास शिकायला जातो, अपयशी होऊन परततो. हे खरे आहे, आणि एवढ्यावर कोणी ती कादंबरी उचलणार नाही.

मराठीच्या वाट्याला यात आणखी एक अडचण येते. महाजालावरील मजकुराचा जो मोठा सार्वजनिक साठा अशा यंत्रांच्या शिक्षणासाठी वापरला जातो, त्यात इंग्रजीचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर आहे. मराठीचा एक टक्क्याचा दहावा भागही नाही. आणि जो आहे तो बातम्या, जाहिराती, परीक्षेच्या टिपा यांचा अधिक. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या आणि धारवाडात आयुष्य घालविलेल्या जी. ए. कुलकर्णींच्या कथेवर मराठी समीक्षेने फार पूर्वी 'नियती' या शब्दाची चिठ्ठी चिकटविली. ती निराधार नाही, पण त्या चिठ्ठीखाली जी. एं.चा तिरकस विनोद, कानडी वळणाची बोली, किरकोळ वस्तूंचे रेखीव वर्णन हे सारे झाकले गेले. यंत्राला जे शिक्षण मिळते ते बहुतांशी अशा चिठ्ठ्यांचे. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) म्हणजे 'विधवांच्या दुःस्थितीवरील पहिली कादंबरी', ही अशीच एक. तिचा शेवट ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराकडे कसा जातो, आणि त्यामुळे मधली सारी करुणा कोणत्या प्रकाशात वाचावी लागते, हे पुस्तक उघडल्यावरच कळते.

ज्या पुस्तकाविषयी कोणीच लिहिले नाही, त्याचे काय? इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी येथील जुन्या मराठी ग्रंथसंग्रहांत स्थानिक छापखान्यांची नाटके, संस्थानी काळातील मासिकांचे फुटकळ अंक, एखाद्या शिक्षकाने पदरमोड करून छापलेली कविता, अशी कितीतरी पुस्तके आहेत. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांची जी व्यवस्था लावली, तीत पेटाऱ्यांतून गावोगाव पुस्तके फिरत. ती पुस्तके तेव्हा वाचली गेली. त्यांवर परीक्षणे लिहिली गेली नाहीत. यंत्राच्या लेखी ती नाहीत. कोणी नाव घेऊन विचारलेच, तर ते 'ठाऊक नाही' म्हणेल किंवा एखादे गुळगुळीत उत्तर रचून देईल, आणि या दोहोंतील दुसरी शक्यता अधिक घातक. लीळाचरित्राच्या पोथीलेखकाची 'वासना' यंत्राच्या उत्तरात क्वचितच आढळते.

बुधस्वामीचा जो ग्रंथ नेपाळात सापडला, तो अपुरा आहे. त्याचे २८ सर्ग उपलब्ध आहेत. नरवाहनदत्त आपल्या २६ पत्नी कशा मिळाल्या हे सांगावयास बसतो, आणि सहावीपर्यंत येतो न येतो तोच पोथी संपते. लाकोत यांनी ती जेथे संपते तेथेच संपविली आहे.